गप्प बसण्याचा इंग्रजी शब्द

सूटवाल्याच्या वकिलाचं पत्र आलं तेव्हा माझ्या मांडीवर एका डॉक्टरांचा राखाडी कोट होता. पत्र इंग्रजीत होतं. इंग्रजी मला अक्षराला अक्षर जोडून वाचता येतं. निम्मं कळतं, निम्म्याचा अंदाज बांधते. दुसऱ्या परिच्छेदात एक लांबलचक शब्द तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा त्याच्या आधी 'तुमचा' होतं. ॲक्विएसन्स. म्हणजे माझ्याजवळ असं काहीतरी होतं, जे मला ठाऊक नव्हतं आणि सूटवाल्याला होतं. शब्दाचा अर्थ कळायच्या आधीच मला त्याचा राग आला.

मी रफू करते. सव्वीस वर्षं झाली. सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने खाल्लेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली पाठ, सगळं माझ्याकडे येतं. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि मूळ विणीत एक वर, एक खाली असे बसवत जायचे. चांगलं रफू दिसत नाही. इतकं दिसत नाही की गिऱ्हाईक विचारतं, बाई, केलंत तरी का? म्हणून पहिल्यापासून मी प्रत्येक कपड्याला टाचणीने एक चिठ्ठी लावते: कुठे फाटलं होतं, किती बोटं, धागा कुठला घेतला. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचतं, उजेडात जाऊन जागा शोधतं, ती सापडत नाही, आणि मग खूश होऊन घरी जातं.

या कामाला उजेड लागतो. दिव्याचा नाही, आभाळाचा. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ वाटतात. बाहेर उन्हात नेले की एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझ्या खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिच्यातून ऊन यायचं नाही, पण उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा. ही खोली आम्ही घेतली ती त्या खिडकीसाठी. नाहीतर नळ गळका, जिना अंधारा, दार फुगलेलं. तिच्यात घेण्यासारखं होतं काय?

हे पत्र यायच्या चौदा महिने आधी शेजारच्या सूटवाल्याने मागच्या सामाईक अंगणात माल ठेवायला खोली बांधली. तो समारंभासाठी सूट भाड्याने देतो. त्या खोलीची भिंत माझ्या खिडकीपासून वीतभर अंतरावर आली. खिडकी उघडली की विटा. हात बाहेर काढला की कोपर घासतं.

आता कुणीही म्हणेल, मग त्याच दिवशी जाऊन दोन शब्द का सुनावले नाहीस? मी सुनावणारी आहे, हे गल्लीत कुणालाही विचारा. पण दोन गोष्टी होत्या. माझं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. भाड्याचा सूट लोक कसा वापरतात ते तुम्हाला सांगायला नको. आणि आमचे हे त्याच्याकडे नोकरीला होते. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यावर हे दोन वर्षं घरी होते. मग सूटवाल्याने ठेवून घेतलं: स्कूटरवरून लोकांच्या घरी सूट पोचवायचे, परत आणायचे, फाटलेले माझ्याकडे द्यायचे आणि झालेले दुकानात न्यायचे. हे म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, मालकाशी नोकराच्या बायकोने भांडायचं नसतं, मी बोलतो. मी म्हटलं, बरं.

दर आठवड्याला मी विचारायचे, बोललात का? बोललो, बघतो म्हणालेत. बोललो, जरा घाईत होते. मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. सूटवाल्याच्या प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर खाली लिहायचं: 'तुमच्या भिंतीमुळे खिडकी बंद झाली आहे. काम दिव्यावर केलं आहे. भिंत मागे घ्यावी.' चिठ्ठी टाचायची, कपडा ह्यांच्या हातात द्यायचा. माझ्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत वीस पावलं आहेत. मला वाटायचं, माणूस किती निगरगट्ट असावा, एवढ्या चिठ्ठ्या वाचून एक शब्द नाही.

मग एका वादकाचा काळा कोट आला. मी त्याला निळ्या धाग्याने रफू केलं. दिव्याखाली मला ते कळलंच नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी कोट घेऊन आला, शांतपणे रस्त्यावर उजेडात धरला आणि म्हणाला, बाई, डोळे तपासून घ्या आता. भांडला असता तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले, आणि रडून झाल्यावर बांधकाम खात्याच्या नावाने अर्ज लिहिला. ह्यांना विचारलं नाही. त्या अर्जाला आलेलं उत्तर म्हणजे हे पत्र.

वरच्या मजल्यावर टायपिस्टकाका राहतात. छत्तीस वर्षं कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेले, बायको गेलेली, दिवसभर रेडिओ. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. काकांची बोटं टेबलावर आपोआप हलली.

"यात सी आणि क्यू लागोपाठ येतात," ते म्हणाले. "सी राहिला की साहेब अख्खा कागद फाडायचे."

मी म्हटलं, काका, सी गेला खड्ड्यात, अर्थ सांगा.

"अर्थ मला विचारू नकोस. मला कुणी कधी विचारला नाही. वापर विचार."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच, त्या माणसाला शब्दाचा अर्थ नव्हे, वापर पाठ होता. एकाने शेजाऱ्याच्या आवारात दार काढलं, शेजारी बारा वर्षं त्या दाराने येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत राहिला, मग कोर्टात आला. निकालात हा शब्द, आणि दार राहिलं. एका बाईच्या दुकानाचं नाव दुसऱ्याने लावलं, ती रोज त्या पाटीखालून जायची. निकालात हा शब्द, आणि नाव गेलं. काका म्हणाले, हा शब्द आला की खालच्या ओळीत कुणाचं तरी काहीतरी जातं. छत्तीस वर्षांत या शब्दानंतर कुणाला काही मिळालेलं मी टाइप केलेलं नाही.

"म्हणजे डोळ्यांदेखत झालं आणि आपण मूग गिळून बसलो, तर आपल्याला ते चाललं असं धरायचं?"

"असंच धरतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारणाऱ्याने मारायचं आणि रडण्याचा आवाज आला नाही म्हणून लागलंच नाही असं ठरवायचं, आणि त्याला हा एवढा मोठा, इस्त्री केलेला शब्द. मी काकांवरच ओरडले. छत्तीस वर्षं हा शब्द बडवताय, एकदा थांबून विचारावंसं वाटलं नाही, की हे चाललंय काय? काकांनी रेडिओ बंद केला तेवढा.

मग म्हणाले, पण तू गप्प बसली नव्हतीस ना? चिठ्ठ्या लिहिल्यास ना? मग एकच दाखव. त्याला माहीत होतं हे दाखव. समोरच्याला तुझी नाराजी पक्की माहीत असेल, तर हा शब्द टिकत नाही. असे दोन निकाल मी टाइप केलेत.

घरी आले. हे बुटाला पॉलिश करत बसले होते. मी विचारलं, माझ्या चिठ्ठ्या मालक वाचायचे ना? हे म्हणाले, चिठ्ठ्या कोण वाचतं. मी म्हटलं, पण कपड्याला लागलेल्या तर असायच्या? हे म्हणाले, असतील. माझ्या संसाराला एकोणतीस वर्षं झाली. 'असतील' म्हणजे काय ते मला डिक्शनरीत बघावं लागत नाही. पण तेव्हा मी ते कानाआड केलं.

सकाळी काका पत्र घेऊन खाली आले. मागच्या पानावर साक्षीदारांची यादी होती, ती त्यांनी रात्री चष्मा लावून वाचली होती. यादीत एकच नाव होतं, आणि त्याचं आडनाव माझं होतं.

त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. घरभेदी म्हटलं. त्याहून वाईट म्हटलं. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, दगडाखाली हात अडकलाय माझा, मालकांनी एवढंच सांगायला सांगितलंय की बायको तक्रार घेऊन दुकानात कधी आली नाही. "तू गेली होतीस का? नाहीस ना? मग मी खोटं काय बोलणार?"

खोटं नव्हतंच ते. त्याचाच तर संताप आला. तू जाऊ नकोस म्हणून हेच सांगणार आणि ती गेली नाही म्हणूनही हेच सांगणार. दोन्ही वाक्यं खरी, आणि दोन्हींच्या मध्ये मी आणि माझी खिडकी.

बांधकाम खात्यातल्या सुनावणीला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलले आणि रोज दुपारी काकांकडे जाऊन तो शब्द शिकले. काका वही उघडायचे आणि म्हणायचे, वाक्यात वापर. पहिल्या दिवशी सूटवाल्यावर वाक्यं केली, दुसऱ्या दिवशी ह्यांच्यावर. मग हात बसला आणि कुणीच सुटलं नाही. माझं शिक्षण थांबवलं तेव्हा आई भांडी विसळत राहिली: ॲक्विएसन्स. थोरल्या बहिणीच्या सासूने तिची सतार विकली तेव्हा बहिणीने सतार ठेवायची पेटी पुसून दिली: ॲक्विएसन्स. काका सी तपासायचे आणि बरोबरची खूण करायचे. मला वाटायला लागलं, आमच्या घराण्याची कुलदेवताच ही.

सातव्या दिवशी माझ्यावर वाक्य आलं. हे कामाला लागायच्या आधी सूटवाल्याकडे इस्त्रीला आणि ने-आणीला एक बाई होती. तिला त्याने एका सकाळी काढलं, कारणही दिलं नाही. ती रडत माझ्या दारावरून गेली. मला माहीत होतं की ती जागा ह्यांना मिळणार आहे. मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवत राहिले. हे वाक्य मी वहीत लिहिलं. काकांनी वाचलं आणि खूण केली नाही, नुसती वही मिटली. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा सूटवाल्याचाही आला नव्हता. पण एक बरं झालं. गप्प बसणारा माणूस आतून कसा असतो, ते मला समजलं. त्याला सगळं दिसत असतं.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. तीन टेबलं, फायलींनी वाकलेलं कपाट, आणि सर्दी झालेले अधिकारी. सूटवाला नवा सूट घालून आला होता. त्याचा वकील पोरसवदा होता. त्याच्या डाव्या बाहीवर कुणीतरी रफू केलं होतं आणि ते तीन हातांवरून दिसत होतं. मला वकील नव्हता. काका माझ्या शेजारी बसले होते, टेबलावर बोटं ठेवून.

वकिलाने तो शब्द इतका गुळगुळीत उच्चारला, की जणू माझी स्तुतीच चालली होती. चौदा महिने भिंत समोर होती, अर्जदार बाई तिथेच राहत होत्या, तोंडी नाही, लेखी नाही, एक हरकत नाही. उलट माझ्या अशिलाचं काम त्या घेत राहिल्या. मग त्याने ह्यांना उभं केलं. बायको कधी दुकानात हरकत घ्यायला आली? नाही. मालकांना पत्र पाठवलं? नाही. हे माझ्याकडे न बघता बोलत होते. शर्टाची कॉलर मीच उलटवून शिवलेली होती.

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि मला म्हणाले, साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर विचारा. काका कुजबुजले, 'साक्षीदार' म्हण, घरातल्यासारखं बोलू नकोस. मी उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "अहो." वकील हसला. हसू दे.

मी विचारलं, भिंत उठली त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हटलं? वकील लगेच उठला: नवऱ्याला सांगितलं म्हणजे माझ्या अशिलाला सांगितलं असं होत नाही. अधिकारी म्हणाले, बरोबर आहे, दुसरं विचारा. 

"कपड्याला चिठ्ठी टाचून मी तुमच्या हातात द्यायचे. तिथून दुकानाचं दार वीस पावलांवर आहे. त्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

हे जमिनीकडे बघत राहिले. अधिकारी म्हणाले, साक्षीदार, उत्तर द्या.  सूटवाला बाहीचं बटण फिरवत बसला होता.

"गप्प बसू नका," मी म्हटलं. "इथे गप्प बसण्याचा अर्थ लावतात. माझ्या नावाने लावलाच आहे. आता तुमच्याही नावाने लावतील, आणि तो खरा असेल."

 मग हे म्हणाले, "डिकीत आहेत."

कशाच्या, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. स्कूटरच्या, हे म्हणाले. स्कूटर खालीच आहे.

अधिकाऱ्यांनी शिपायाला बरोबर पाठवलं. दोघं प्लास्टिकची पिशवी घेऊन परत आले. चौदा महिन्यांच्या चिठ्ठ्या, रबर लावून, महिन्यामहिन्याच्या गठ्ठ्यांत. प्रत्येकीवर टाचणीची दोन भोकं. अधिकाऱ्यांनी एक वाचली, मग दुसरी, मग मधूनच एक काढली. सगळीकडे शेवटच्या ओळीत तेच. भिंत मागे घ्यावी. भिंत मागे घ्यावी.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. फेकल्या असत्या तर एक वेळ मी समजू शकले असते. घाबरट माणूस कागद फेकतो. पण ह्यांनी जपून ठेवल्या. म्हणजे रोज माझं म्हणणं हातात घेतलं, वाचलं, घडी घातली आणि सीटखाली ठेवून त्यावर बसून गावभर फिरले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, कपड्यांवरून का काढल्या? ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा सूटवाल्याकडे पाहिलं.

"पहिली मालकांनी वाचली होती. वाचून फाडली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, ही कटकट यापुढे दुकानात यायला नको, दाराबाहेरच काढत जा. पुढच्या वाचल्याच नाहीत त्यांनी."

सूटवाला उठला आणि म्हणाला, हा खोटं बोलतोय, याला मी रस्त्यावरून उचलून पोटाला लावलं. चोराच्या उलट्या बोंबा. अधिकाऱ्यांनी पहिल्या महिन्याचा गठ्ठा सोडला. सगळ्यात खाली दोन तुकडे निघाले, एकावर एक ठेवून घडी घातलेले. त्यांनी ते टेबलावर जुळवले, तारीख वाचली आणि वकिलाला विचारलं, भिंत किती उंचीवर होती या तारखेला? वकिलाने फाइल चाळली. तारखेप्रमाणे भिंत नुकतीच खिडकीच्या वर आली होती, छत अजून पडलं नव्हतं.

पुढचं लवकर झालं. अधिकारी म्हणाले, ज्याने हरकत येताना पाहून दार लावून घेतलं, त्याला हरकत आलीच नाही असं म्हणता येणार नाही. खिडकीसमोरचा भाग तीस दिवसांत काढायचा. काका ते वाक्य टेबलावर बोटांनी टाइप करत होते, असं मला वाटलं.

बाहेर हे स्कूटरजवळ उभे होते. नोकरी गेली हे सांगायची गरज नव्हती. म्हणाले, शेवटी खरं बोललो ना मी? मी म्हटलं, बोललात, चौदा महिन्यांनी. आणि चालत घरी आले.

भिंत पाडली. पहिल्या दिवशी विटांची धूळ आली आणि दुसऱ्या दिवशी उजेड. मी वादकाचा कोट मागवून घेतला, निळा धागा उसवला आणि काळा भरला. माझ्याकडे काम कमी झालं आहे, पण जे येतं ते डोळ्यांनी करता येतं. हे आता घरी असतात. सकाळी चहा करून माझ्याजवळ ठेवतात. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या मापात कापून देतात. स्वतः होऊन टाचण्या शोधून आणतात. मी चहा पिते, चिठ्ठ्या वापरते आणि बोलत नाही. काय बोलायचं ते मला सापडलेलं नव्हतं.

काल दुपारी हे जिन्यात काकांशी बोलत उभे होते. दार अर्धं उघडं होतं. काकांनी विचारलं असावं, कसं चाललंय. ह्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी हलका वाटला.

"आता काही म्हणत नाही ती. म्हणजे मिटलं सगळं."

मी सुई कापडात टोचून ठेवली, उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मिटलेलं नाही," मी म्हटलं. "मी गप्प आहे ती रागाने आहे. तुम्ही जे केलंत ते मला अजून चाललेलं नाही. हे आज काकांसमोर सांगतेय, म्हणजे उद्या माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही लावू नये."